विहिरीच्या राखणीची तरतूद

जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत मला 'बजेटकाकू' म्हणतात. फेब्रुवारीची पहिली तारीख आली की खालच्या मजल्यावरच्या वहिनी हटकून विचारतात, "काकू, गॅस स्वस्त होतोय का औंदा?" मी कितीदा सांगितलं, बाई गं, दिल्लीच्या बजेटशी माझा काडीचा संबंध नव्हता, मी लहान गावांच्या नगरपरिषदांतल्या कारकुनांना बजेट करायला शिकवायची. त्यावर त्या म्हणतात, "तेच ते." आता मी समजावणं सोडून दिलंय.

लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरीची सुरुवात माढ्याला कारकून म्हणून झाली, मधलं सगळं बदल्यांत गेलं, ते सांगत बसत नाही. शेवटच्या काही वर्षांत मात्र वरून 'अर्थसंकल्प सुधारणा' नावाचं प्रकरण आलं आणि मला आकडेमोडीवरून उठवून शिकवायला बसवलं. का, तर माझा आवाज मोठा. साहेबांनी तसं तोंडावरच सांगितलं होतं.

हे बजेटचं काम असतं काय, ते आधी सांगते. गाव लहान असलं तरी त्याला पाणी लागतं, गटारं लागतात, दिवे, शाळा, स्मशान, बाजारकट्टा, सगळं लागतं. पुढच्या वर्षी कशावर किती खर्च करायचा ते आधी लिहून सभेत मंजूर करून घ्यायचं. या एकेका ओळीला तरतूद म्हणतात. तरतूद नसेल तर आभाळ कोसळलं तरी पैसा खर्च करता येत नाही. आणि सगळ्या गावाच्या या तरतुदी बहुतेक ठिकाणी एकच माणूस लिहितो, बजेटचा कारकून. त्याची रीत ठरलेली. डिसेंबरात कपाट उघडायचं, गेल्या वर्षीचा कागद काढायचा, प्रत्येक आकड्यात दहा टक्के मिळवायचे, की झालं बजेट. जे आहे ते सुटत नाही, जे नाही ते येत नाही. एका गावात तर खांबावर एलईडी लागले होते आणि बजेटात दिवाबत्तीचं रॉकेल तसंच चालू होतं.

आम्ही शिकवायचो ते याच्या उलट. दर वर्षी प्रत्येक ओळीने आपली जागा नव्याने कमवायची. हा खर्च कशासाठी, कुणासाठी, आणि गेल्या वर्षी केला त्यातून काय निघालं? या शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'फलनिष्पत्ती'. मला तो शब्द फार आवडायचा. वर्गात तो उच्चारताना माझी मान आपोआप ताठ व्हायची, असं माझी एक सहकारी सांगते. खोटं बोलत नसावी.

आता अशा प्रशिक्षणाला येतं कोण? ज्याच्यावाचून कचेरीत काही अडत नाही, तो. एकदा बजेटच्या वर्गाला अग्निशमनच्या गाडीचा ड्रायव्हर येऊन बसला. म्हटलं, "तुम्ही कसे काय?" तर म्हणाला, "साहेब म्हणले, आग काय रोज लागतीया व्हय? जा, बसून ये." पाच दिवस तो पहिल्या बाकावर बसला आणि साऱ्या वर्गात शहाणा प्रश्न त्यानेच विचारला. "मॅडम, आमच्या गाडीचं डिझेल बजेटात कोण मागतंय? मला तर आजपातूर कुणी विचारलंच न्हाय."

दुसरे एक वैरागकडचे रोखपाल होते. मी सगळ्यांना सरावासाठी आपापल्या घराचं बजेट करायला लावायची. यांनी दहा मिनिटांत कागद दिला. मी विचारलं, "बायकोला विचारलंत का?" "तिला काय विचारायचं मॅडम? पगार माझा हाय की." मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना फोन करायला लावला. परत आले तेव्हा कागद पाठपोट भरला होता आणि तोंड एवढंसं झालं होतं. "मॅडम, माझ्या घरात एवढं चालतंय, मला म्हाईतच नव्हतं." वर्ग पोट धरून हसला. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, जो खर्च करतो त्याला विचारा. पुढे दर वर्गात हा किस्सा मी रंगवून सांगायची. आपण फळ्यावर लिहिलेलं आपल्यालाही लागू असतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

ते आलं बिराजदार अण्णांमुळे.

शिवलिंगप्पा बिराजदार हे दक्षिणेकडच्या, जिथे घरात कन्नड आणि बाजारात मराठी चालते अशा एका गावचे बजेट कारकून. गावाचं नाव सांगत नाही. कपाळावर विभूती, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, बोलणं हळू. तीस वर्षं गावाचं बजेट त्यांनीच केलं होतं आणि मेअखेर निवृत्त व्हायचे होते. मला तर रागच आला होता. चार महिन्यांनी घरी जाणाऱ्या माणसाला शिकवून सरकारला काय मिळणार? तसं मी वरच्यांना कळवलंही होतं.

जानेवारीतला वर्ग होता. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने आणलेला कच्चा आराखडा आम्ही पडद्यावर लावायचो आणि सर्वांसमोर तपासायचो. अण्णांचा लागला. आकडे स्वच्छ होते. एका ओळीवर मी थांबले. 'बावी राखण, उन्हाळी, चार महिने, इसम एक.' तिकडे विहिरीला बावी म्हणतात.

"अण्णा, ही बावी पाणीपुरवठ्याची आहे का?"

"न्हाय मॅडम. नळ आल्यापास्नं कोण पाणी नेत न्हाय."

"मग राखण कशाची? पाणी चोरीला जातं?"

वर्ग हसला. वर्ग हसला की मला चेव यायचा. "सांगा, फलनिष्पत्तीच्या रकान्यात काय लिहाल? इसम बसला आणि उठला?"

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या की मॅडम," एवढंच म्हणाले.

मी त्या ओळीवर लाल रेघ मारली आणि वर्गाला म्हटलं, "बघा, याला म्हणतात मेलेली तरतूद. कुणी का सुरू केली माहीत नाही, पण बंद करायची हिंमत कुणात नाही." आणि पुढच्या गावाकडे वळले. चहा आला. मी ते विसरूनही गेले.

माझ्या लेखी ते वर्गातलं उदाहरण होतं. आराखडा त्यांचा, गाव त्यांचं, सभा त्यांची. माझा काय अधिकार? पण आमच्या खात्यात सोलापूरहून आलेल्या माणसाने हवेत बोट फिरवलं तरी खाली त्याचा आदेश होतो. इतकी वर्षं त्याच खात्यात काढून मला हे कळायला नको होतं?

एप्रिलच्या शेवटी शिकवलेलं कुठे किती रुजलं ते बघायला मी गावोगाव फिरत होते. अण्णांच्या गावी पोचले तेव्हा ऊन असं होतं की एसटीच्या पायरीवरून उतरताना दांडीचा चटका बसला. मुख्याधिकारी तिशीतले, हुशार, माझ्याच वर्गात बसून गेलेले. त्यांनी कौतुकाने फाइल दाखवली. वरून एकही शेरा न येता मंजूर झालेलं बजेट. मी खूश झाले. म्हटलं, अण्णा कुठायत, शाबासकी देते.

"ते रजेवर आहेत. बावीवर असतील."

वर्गातली ती ओळ मला आठवलीच नाही; वाटलं, त्यांच्या मळ्यातली विहीर असेल. शिपायाने नेऊन दाखवलं. बाजारकट्ट्याच्या मागे जुनी दगडी विहीर, कठडा गुडघ्याएवढा, तोही एका बाजूने ढासळलेला. बाजूला कडुनिंब. त्याखाली घरून आणलेली प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीवर अण्णा. डोक्यावर ओला टॉवेल, हातात काठी, गळ्यात शिट्टी. पाच-सहा पोरं चड्ड्यांवर विहिरीकडे येत होती. अण्णांनी शिट्टी मारली आणि ओरडले, "बेड! बेड!" म्हणजे नको, नको. पोरं मागे पळाली, लांब उभी राहून दात काढू लागली.

"अण्णा, हे काय?"

ते गडबडीने उठले, खुर्ची मला दिली. "काय न्हाय मॅडम. तरतूद न्हाय नव्हं औंदा. म्हनून मीच बसतोय."

 ते सांगत गेले, जसं एखादं टिपण वाचावं तसं. पंधरा वर्षांपूर्वी सुट्टीत एक पोरगी या विहिरीत पडली. आठ वर्षांची. दुपारची वेळ, आसपास कोणी नाही. संध्याकाळी शोध लागला. त्या वर्षी जाळी बसवली, ती चोरांनी भंगारात घातली. पुन्हा बसवली, पुन्हा तेच. विहीर बुजवायची तर गावची पूजा तिच्यावर, लोक ऐकेनात. मग अण्णांनी एक ओळ लिहिली, इसम एक. लक्ष्मण नावाचा म्हातारा गडी ठेवला. तेव्हापासून एकही पोर पडलं नाही.

"लक्ष्मण कुठाय आता?"

"हितं काम न्हाय म्हनल्यावर काय करंल? सोलापूरला गेला. कुठल्या तरी बिल्डिंगीच्या गेटवर बसतोय."

"अण्णा, त्या दिवशी वर्गात का नाही सांगितलंत हे सगळं?"

"समदी हसत हुती मॅडम. पोरीचं नाव त्या हसण्यात कुटं घ्यायचं?"

शरमेने माझ्या कानशिलांपर्यंत आग झाली, उन्हाची नव्हे. आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती हिशेबाची. निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचे पैसे मिळतात. अण्णा रजा टाकून इथे बसत होते, म्हणजे रोजची राखण ते स्वतःच्या खिशातून भरत होते. मी तसं म्हणाले, तर म्हणाले, "व्हय, पर रजा असती कशाला मग?"

मी तशीच कचेरीत परतले आणि बजेटचं कपाट उघडायला लावलं. अण्णांची जुनी नोंदवही होती, दर वर्षाला दोन पानं. प्रत्येक तरतुदीसमोर समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात, कारण लिहिलेलं. 'शाळा क्र. २, पत्रे: वादळात उडतात, दर तिसऱ्या वर्षी.' 'बाजार, मुरूम: गुरुवारी बैल घसरला.' ज्याला आम्ही पाच दिवस घसा कोरडा करून शिकवत होतो, ते हा माणूस न सांगता तीस वर्षं करत होता. नव्या संगणकात समासच नव्हता, म्हणून ते तिथे गेलं नव्हतं. या वर्षीच्या पानावर बावीच्या ओळीसमोर लिहिलं होतं, 'माझ्या नजरचुकीने राहिली.' खाली सही.

माझ्या नजरचुकीने! उद्या काही झालं असतं तर चौकशीत पहिला कागद हाच निघाला असता, आणि निवृत्तीला आलेल्या माणसाचं पेन्शन अडकलं असतं. मला वाचवायला त्यांनी हे लिहिलं असंही म्हणवत नाही. त्यांच्या लेखी आपल्या बजेटात जे राहिलं ती आपलीच चूक.

मुख्याधिकाऱ्यांना म्हटलं, "ही तरतूद परत घ्या. दुसऱ्या कुठल्या तरी ओळीतले थोडे पैसे इकडे वळवा."

त्यांनी नम्रपणे संगणकावरचा अर्ज उघडला. "जरूर मॅडम. समर्थन काय लिहू? मागच्या तीन वर्षांत अपघात?"

"एकही नाही."

"मग गरज कशी दाखवायची? तुम्हीच शिकवलंय, पुराव्याशिवाय ओळ नाही."

पोरगा उद्धटपणे बोलत नव्हता. खरंच विचारत होता. राखण होती म्हणून अपघात नव्हता, आणि अपघात नव्हता म्हणून राखण नको. हे कोडं मीच घालून ठेवलेलं, आणि उत्तर मलाच येत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "लिहा, प्रशिक्षक बाईंनी चुकीने काढायला लावली."

"तसं लिहिता येणार नाही. तुम्हाला काढायचा अधिकारच नव्हता ना. कागदावर जबाबदारी बिराजदारांचीच."

नियमाने ते बरोबर होते. चूक कबूल करायलाही अधिकार लागतो, हे मला निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कळलं. तरी मी स्वतःच्या सहीने पत्र दिलं, त्याला नोंदवहीतल्या पंधरा वर्षांच्या पानांच्या प्रती जोडल्या, आणि त्यांनीही, खरं सांगायचं तर, मनापासून धावपळ केली. पण पैसे वळवायला सभा लागते, सभेला नोटीस लागते, नोटिशीला अध्यक्ष गावात लागतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सभा झाली, तरतूद परत आली, लक्ष्मणही परत आला. त्यानंतर मी माझ्या वर्गाचा पहिला अर्धा दिवस बदलला. पडदा बंद, लाल पेन बंद. आधी प्रत्येकाने सांगायचं की छापील रकान्यात मावत नाही असं तुम्हाला काय माहीत आहे. काय काय बाहेर आलं म्हणून सांगू! वरच्या कचेरीने शेरा मारला, 'वेळापत्रकात नसलेला विषय.' मारू दे म्हटलं.

पण सभा होण्याआधीचा एक दिवस अजून सांगायचा राहिलाय.

अण्णांना पेन्शनच्या कागदांवर सह्या करायला सोलापूरला बोलावणं आलं. जाणं भागच होतं. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण मला कचेरीतून कळलं. मी किरकोळ रजा टाकली आणि पहाटेच्या एसटीने त्यांच्या गावी गेले. मला बघून अण्णा एवढंच म्हणाले, "उन्हाचं तुमाला जमंल व्हय?" मग गळ्यातली शिट्टी काढून दिली, पाण्याची कळशी खुर्चीजवळ सरकवली आणि स्टँडकडे गेले.

सकाळभर मी 'बेड, बेड' ओरडत राहिले. माझ्या कन्नडला पोरं खदखदून हसली, पण मागे सरली. माझा मोठा आवाज आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या कामाला आला. दुपारी भाकरी खाल्ली, सगळीकडे सामसूम झाली आणि माझे डोळे मिटायला लागले.

कशाने जाग आली सांगता येत नाही. हिरव्या फ्रॉकातली चार-पाच वर्षांची एक पोर कडुनिंबाच्या मागे डोकावून बघत होती. मग तिने माझ्या खुर्चीच्या मागे येऊन वाकून बघितलं. मला वाटलं, शेळीचं करडू चुकलं असेल. मी विचारलं, "काय शोधतेस गं?"  आणि मी शिट्टी तोंडाला लावायच्या आत ती ढासळलेल्या बाजूने कठड्यावर पालथी पडली आणि आत बघायला लागली. पाय जमिनीवरून सुटले होते.

माझ्या वयाला पळणं शोभत नाही, पण पळाले. फ्रॉक मुठीत आला, तो धरून ओढलं. दोघी धुळीत पडलो. तिचा गुडघा खरचटला, माझं कोपर. ती रडत घरी पळाली आणि मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. मग कळशीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. पुन्हा डोळे मिटायची हिंमत झाली नाही.

दिवस कलताना अण्णा आले. हातात कागदांची पिशवी. मी सगळं सांगितलं, झोप लागली होती तेही सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, "हिरवा फ्रॉक व्हय?"

"हो. ओळखता?"

"लक्ष्मणची नात ती. आजोबा हितं बसायचा तवा भाकरी घिऊन यायची, दोगं हितंच जेवायची. तो सोलापूरला गेलाय म्हनून किती सांगितलं, तिला पटत न्हाय." अण्णांनी माझ्या हातातली शिट्टी घेतली आणि गळ्यात घातली. "रोज येती मॅडम. पयलं झाडामागं बघती, मग खुर्चीमागं. कुटंच न्हाय गावला की बावीत बघती."